अकरा रुपयांची पेंढी

२०१८ साल, डिसेंबरचा पहिला रविवार. हिंगोलीच्या आमच्या पत्र्याच्या चर्चमध्ये दगडोबा एका अंड्याची बोली पुकारत होता.

अंडं गावठी कोंबडीचं, लहानसं, तांबूस. ते तळहातावर धरून तो बाकांच्या मधून फिरत होता. “नीट बघून घ्या. कोंबडी शिलाच्या घरची हाय, म्हंजी उपाशीपोटी घातलेलं अंडं हाय हे. पन्नास कोन म्हणलं? साठ. गुरुजी, पोस्टातलं पोस्टात राहू द्या, खिशातलं बोला. ऐंशी.”

सगळ्यांत आधी शिलाच हसली. ती चार घरची धुणीभांडी करायची. तिचं अंडं तीनशे चाळीसला सुटलं. घेणाऱ्याने ते लगेच टेबलावर परत ठेवलं आणि त्याची पुन्हा बोली लागली, मग तिसऱ्यांदाही. त्यानंतर सोनाजीचा भोपळा आला. सोनाजीचं बी-बियाणं आणि औषधांचं मोठं दुकान आहे. भोपळा दोन माणसांनी उचलून आणावा एवढा होता. दगडोबाने त्यावर टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाला, “शेटजींचा माल हाय. पोकळ हाय, पन आवाज बराबर येतो.” भोपळा वीस रुपयांना गेला.

हा आमचा कापणीचा सण. ज्याच्या घरी जे पिकेल त्यातलं पहिलं त्याने घेऊन यायचं. कुणी सोयाबीन, कुणी तुरीच्या शेंगा, कुणी हळदीचा गड्डा, आणि ज्याला शेत नाही त्याने अंडं, नाहीतर अंगणातली चार लिंबं. उपासना झाली की त्या सगळ्याचा लिलाव करायचा आणि पैसे चर्चला. कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं, पण गरिबाच्या वस्तूला चढी बोली आणि श्रीमंताच्या वस्तूला उतरती, हा रिवाज मी मुलगी असल्यापासून पाहत आले. वर्षभर मान खाली घालून मागे बसणाऱ्या माणसाचं नाव त्या एका दिवशी सगळ्यांच्या तोंडी यायचं. भोपळेवाल्यालाही एक दिवस वीस रुपयांचं व्हावं लागायचं. त्याने त्याचं काही बिघडत नसे.

दगडोबा मूळचा साखरा गावचा. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाल म्हणून लागला आणि पुढे हळदीच्या ढिगांवर बोली पुकारू लागला, कारण आवाज तसा होता. मोंढ्यातलंच दोन किलोचं एक लोखंडी वजन तो सणाला पिशवीतून आणायचा. “एक बार, दोन बार, तीन बार” म्हणून ते टेबलावर आपटलं की बोली सुटली. ती पुन्हा उघडायची नाही. मोंढ्यात हा कायदाच आहे. वजन पडल्यावर कुणी दुप्पट भाव घेऊन धावत आला तरी त्याला हात हलवत परत जावं लागतं.

त्याची खरी करामत मात्र वेगळी होती. कुणाच्या घरात काय शिजतं हे त्याला ठाऊक असायचं. एखाद्या रोजंदारीवाल्याला बोलीचा जोश चढला, आकडा त्याच्या आवाक्याबाहेर निघाला, की दगडोबा भलतीकडेच बघत एका दमात तिन्ही बार म्हणून वजन आपटायचा. त्या माणसाचे पैसे वाचायचे आणि मानही राहायचा. चाळीस वर्षं मी हे पहिल्या बाकावरून पाहिलं. त्या चर्चमध्ये पुष्कळ प्रवचनं झाली, पण देव जवळ आल्यासारखं मला त्या वजनाच्या आवाजातच अनेकदा वाटलं.

पहिला बाक माझा होता, कारण मी जुनी होते आणि नर्स होते. गावातली निम्मी डोकी मी पहिल्यांदा हातात धरलेली. मंजुळाबाईचा भागवतही. नव्वद साली माझी नेमणूक शिरड शहापूरच्या उपकेंद्रात होती, रविवारी तेवढी हिंगोलीला यायची. पोर पायाळू होतं, बाहेर आलं ते निळं, आणि मी तोंडाने फुंकून त्याचा श्वास आणला. तेव्हापासून मंजुळाबाई मला धरून होती. ती शेतकऱ्याच्या घरची, नवरा लवकर गेलेला, तीन एकर कोरडवाहू. निवृत्तीनंतर मी कायमची हिंगोलीला आले तरी महिन्या-दोन महिन्यांनी एसटीने यायची, चर्चमध्ये बायकांच्या सतरंजीवर मागे बसायची. काय कळायचं तिला देव जाणे, पण प्रार्थनेला डोळे मिटायची ते उघडायला विसरायची. भागवत तिला सोडायला यायचा आणि बाहेर लिंबाखाली मोटरसायकलवर बसून राहायचा. आत ये म्हटलं की म्हणायचा, “बाई, मी बाहेरूनच ऐकून राहिलो. तुमचं गाणं चांगलं हाय, फक्त लई लांब हाय.”

२०१७ च्या आषाढात औंढ्याच्या रस्त्यावर ट्रकने त्याला उडवलं. सत्तावीस वर्षांचा होता.

मंजुळाबाई माझ्याकडे आली तेव्हा रडली नाही. तिने एकच विचारलं. “बाई, माझं लेकरू कुठं हाय आता?”

मी तिला सांगितलं, देवाजवळ. ती म्हणाली, ते नवीन ब्रदर तर म्हणून राहिले की पाण्यात न बुडवलेलं, बाप्तिस्मा न झालेलं माणूस देवाजवळ जात नसतं. मी म्हणाले, ब्रदरला काय ठाऊक. पण हे मी घरात म्हणाले, चर्चमध्ये नाही.

ब्रदर हरीश त्या लिलावाच्या दोन वर्षं आधी आला होता. जुने पाळक थकले, आणि आमच्या पंचांना तरुण, बोलणारा माणूस हवा होता. तो बोलायचा खरा. पांढरे बूट, कानामागून गालावर आलेला माइक. त्याच्या तोंडात सारखी पेरणी असायची. दहा पेरा, शंभर उगवतील. घरात दुखणं आहे म्हणजे पेरणी कमी पडली. आम्ही सोयाबीनच्या मुलखातली माणसं. दुबार पेरणी काय असते हे इथे शेंबडं पोर सांगेल. तरी त्याला उठून विचारणारा कुणी निघाला नाही. प्रभुभोजनाच्या टेबलावर त्याने पैसे पाठवायचा तो काळा-पांढरा चौकोन चिकटवला, मोबाइलने टिपायचा. भाकरीच्या ताटाशेजारीच. प्रत्येक महिन्याला भाकर घेताना तो चौकोन दिसायचा आणि माझा घास घशात फिरायचा. मी तो गिळायची.

गिळायची, कारण जुन्या पत्र्याच्या जागी नवीन स्लॅब पडणार होता आणि दाराशी संगमरवरी दगड बसणार होता. त्यावर आमच्या मास्तरांचं, माझ्या मालकांचं नाव कोरायचं हरीशने कबूल केलं होतं. मास्तरांनी तीस वर्षं त्या चर्चमध्ये पेटी वाजवली होती. मला ते नाव बघायचं होतं. एवढीच माझी किंमत.

तर त्या रविवारी भोपळा गेला, लिंबं गेली, आणि शेवटी जोंधळ्याच्या कणसांची एक पेंढी उरली. दरवर्षी ती वेदीजवळ उभी ठेवतात आणि लिलावात सगळ्यांत शेवटी काढतात. दगडोबाने ती उचलली तोच हरीश पुढे आला. ही पेंढी साधी नाही, म्हणाला. आपण चाळीस दिवस उपास करणार आहोत. जो ही पेंढी घेईल त्याच्या घरातल्या प्रत्येकाचं नाव आपण रोज देवापुढे वाचू, जिवंत असोत की मेलेले. तारणाचं दार कुणासाठी कधी उघडेल हे सांगता येत नाही. मागच्या रविवारी त्याने याची सूचनाही दिली होती म्हणे. मी त्या दिवशी तापाने घरी होते.

मी मागे वळून पाहिलं. मंजुळाबाई सतरंजीवर गुडघे टेकून उठत होती. कापडी पिशवी पोटाशी, दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. सोनाजीही बाकावर पुढे सरकला होता. मेलेल्या कुणाची त्याला काळजी नव्हती. सेनगावला दुसरं दुकान टाकायचं होतं.

दगडोबाने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा पिशवीकडे. शेळ्या कधी विकल्या जातात आणि त्यांचे पैसे बायका कसे धरतात, हे मोंढ्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही.

“बोला,” तो म्हणाला.

“अकरा,” मंजुळाबाई म्हणाली. इतक्या वर्षांत तिथे तिचा आवाज पहिल्यांदा निघाला असेल. बोली कशी सुरू करतात हे ती सकाळपासून ऐकत होती. अकराने सुरुवात करायची, एवढं तिला समजलं होतं.

“अकरा रुपये एक बार दोन बार तीन बार,” दगडोबा म्हणाला, आणि वजन पडलं.

मी पहिल्या बाकावर होते. टेबल थरथरलेलं माझ्या गुडघ्यांना कळलं. मागे कुणीतरी हसू दाबलं, कारण सगळ्यांना उमगलं होतं त्याने काय केलं ते.

हरीशही हसला. म्हणाला, मामा, जरा घाई झाली.

“घाई न्हाई झाली. सुटली.”

हरीश म्हणाला, लोकांना नीट ऐकू आलं नाही, पुन्हा घेऊ. हे देवाचं काम आहे, मोंढा नाही.

“मोंढ्यातबी असं करत न्हाईत,” दगडोबा म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने. “ऐकू आलं की न्हाई ते जिवनबाईला इचारा. समोर बसल्यात. त्या खोटं बोलनार न्हाईत.”

हरीश माझ्याकडे वळला. आई म्हणायचा तो मला. म्हणाला, आई, तुम्हीच सांगा. बोली सुटलेली तुम्ही ऐकली?

अख्खं चर्च माझ्या पाठीकडे बघत होतं. समोर भिंतीला टेकवून नव्या इमारतीचं चित्र ठेवलेलं होतं, त्यात दाराशी तो पांढरा चौकोनी दगड दाखवलेला. शहात्तर वर्षांची होते मी. म्हाताऱ्या माणसाला केवढी सोय असते.

“हल्ली मला नीट ऐकू येत नाही,” मी म्हणाले.

दगडोबाने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मोंढ्यात ढिगावर वरून चांगला माल असतो आणि हात आत घातला की ओल लागते. तेव्हा माणूस हात बाहेर काढून नुसता पुसतो, तसं पाहिलं त्याने. वजन पिशवीत घातलं, पेंढी हळूच टेबलावर ठेवली आणि मधल्या वाटेने निघून गेला.

मग बोली हरीशने पुकारली, माइकवरून. त्याला पुकारता येत नव्हतं, पण चढवता येत होतं. सोनाजी हजार म्हणाला, मंजुळाबाई दीड हजार म्हणाली. तो पाच, ती साडेपाच. प्रत्येक आकड्याला हरीश भागवतचं नाव घ्यायचा. तिच्याकडून ते त्याने आधीच विचारून ठेवलं होतं. “भागवतच्या आईचा विश्वास बघा,” म्हणायचा. दोन शेळ्या, त्यांची पिल्लं आणि हातातले चांदीचे गोट, एवढं विकून ती आली होती. चौदा हजारांवर सोनाजी थांबला. “जाऊ द्या, बाईमानूस हाय,” असं मोठ्याने म्हणाला, जणू पेंढी त्यानेच तिला बक्षीस दिली. ती साडेचौदाला सुटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या की नाही, मला आठवत नाही. माझी आठवण एवढी चांगली, साठ वर्षांपूर्वीच्या बाळंतिणींची नावं सांगते, आणि हे नेमकं आठवत नाही. यावर माझाच विश्वास बसत नाही.

दरवर्षी अशी पेंढी घेणारा ती टेबलावर परत ठेवतो. मंजुळाबाईला ते कुणी सांगितलं नाही. तिने ती डोक्यावर घेतली आणि बसस्टँडचा रस्ता धरला. जेवायलाही थांबली नाही.

आम्ही थांबलो. पंगत होती. मटण आणि भात. मी जेवले. रस्सा घट्ट होता, नळीचा तुकडा वाट्याला आला होता आणि मी तो चोखून खाल्ला. चव चांगली होती. त्या दिवसातलं मला सगळ्यांत किळसवाणं वाटतं ते हेच.

दोन महिने मी मंजुळाबाईकडे गेले नाही. मग फेब्रुवारीत एका सकाळी एसटीने शिरड शहापूरला उतरले. काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं. मला सगळं ऐकू आलं होतं, एवढंच वाक्य.

ती ओसरीवर तूर निवडत होती. आढ्याला सुतळीने पेंढी टांगलेली, आणि चिमण्या तिला लटकून कणसं टोचत होत्या. मी त्यांना हाकलायला हात उचलला तर म्हणाली, राहू द्या, खाऊ द्या. दगडोबा येऊन गेला होता. लिलावानंतर तिसऱ्याच दिवशी. तो काय म्हणाला ते तिने मला जसंच्या तसं सांगितलं.

“मला म्हणले, माय, तुही बोली अकरा रुपयालाच सुटली. मंग जे झालं तो तमाशा व्हता. मी म्हणलं, मामा, त्या लोकायनं लेकराचं नाव न्हाई वाचलं तं? तं म्हणले, नाव वाचनारा हरीश कोन? तारण जर इकत भेटत असतं, तं सोनाजीनं पहिलेच गोदाम भरून ठेवलं असतं. ते फुकट हाय, म्हणून तं तुला मला परवडतं.”

एवढं सांगून ती तूर निवडत राहिली. आम्ही हे संडे स्कूलमध्ये पहिल्याच वर्षी शिकतो. एका हमालाने ते तिला बसच्या तिकिटाच्या खर्चात पोचवलं, आणि मी, जिने तिच्या पोराला श्वास दिला म्हणून जन्मभर मान घेतला, मी ते तिला भर चर्चमध्ये सांगू शकले नव्हते.

“मंजुळा,” मी म्हणाले, “त्या दिवशी माझे कान...”

“व्हय की,” ती एकदम उठली. “त्याचीच मला काळजी लागून राहिली. मी म्हणलं, बाई यायला पाहिजे.” आतून तिने बाटली आणली. खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली, तिच्यात लसूण घालून कढवलेलं तेल. माझ्यासाठी करून ठेवलं होतं, दोन महिने. पळीत घेऊन तिने ते चुलीवर कोमट केलं, माझं डोकं स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि उजव्या कानात तीन थेंब सोडले.

मी पुन्हा तोंड उघडलं.

“बोलू नका,” ती म्हणाली. “तेल आत उतरू द्या.”

मी पडून राहिले. वर चिमण्या टोचत होत्या, कणसाचा भुसा माझ्या लुगड्यावर पडत होता, आणि त्यातली बारीकशी किचकिच मला स्वच्छ ऐकू येत होती. मग तिने मला कूस बदलायला लावली आणि डावा कान घेतला.

ते वाक्य मी तिला अजून सांगितलेलं नाही.

हरीश पुढच्याच वर्षी मोठ्या शहरात गेला. आता त्याचा मोठा हॉल आहे, गार हवेचा. माझी नात मोबाइलवर त्याची प्रवचनं लावते. एकात तो हिंगोली जिल्ह्यातल्या एका विधवेची गोष्ट सांगतो. तिने चौदा हजार पाचशे पेरले आणि तिच्या मेलेल्या मुलासाठी स्वर्गाचं दार उघडलं. हे ऐकून लोक रडतात. मी नातीला ते बंद करायला सांगितलं. ती म्हणाली, आजी, आवाज कमी करू का? मी म्हणाले, बंद कर.

सोनाजीचं सेनगावचं दुकान चाललं. त्याला कुठलाही दगाफटका झालेला नाही. तब्येतही ठणठणीत आहे.

कापणीचा सण अजून होतो, पण लिलाव होत नाही. ज्याला द्यायचं तो मोबाइलवरून पाठवतो. शिलाच्या मोबाइलमध्ये तसली सोय नाही, त्यामुळे ती सणाला येते, मागे बसते आणि जाते. तिचं नाव घ्यायचं कारण कुणाला उरलेलं नाही.

स्लॅब पडला. दाराशी दगड बसला, मास्तरांचं नाव त्यावर आहे, तिसऱ्या ओळीत. लोक चपला तिथेच काढतात. मी पहिल्या बाकावर बसणं सोडलं.

दगडोबा एकवीस साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. दवाखान्यातून थेट कब्रस्तानात. चौघांनाच परवानगी होती, मला नव्हती. त्या सणानंतर तो चर्चमध्ये बोली पुकारायला उभा राहिला नाही. यायचा मात्र दर रविवारी. मला सलाम करायचा, अगदी पूर्वीसारखा, आणि पुढे जायचा. वजन त्याच्या सुनेकडे आहे. पाण्याच्या पिंपाच्या झाकणावर ठेवते ती.

मंजुळाबाई शिरड शहापूरला आहे. पेंढीचे दाणे चिमण्यांनी पहिल्याच उन्हाळ्यात संपवले. नुसत्या काड्या आढ्याला आहेत, आणि ती त्या काढत नाही. भागवत कुठे आहे, असं तिने मला पुन्हा कधी विचारलं नाही.

मी ब्याऐंशीची आहे. आता मला खरंच कमी ऐकू येतं. उजव्या कानाने जवळजवळ नाहीच. दर हिवाळ्यात शिरड शहापूरकडून कुणी येणारं असलं की त्याच्या हाती लसणाच्या तेलाची एक बाटली येते, खोकल्याच्या औषधाचीच, तोंडाला चिंधी बांधलेली. मी कान पुढे करते आणि नात तीन थेंब सोडते.